लहान हुकूम, मोठी शक्ती
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, कफ परेड मच्छीमार नगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्याच्या व्यासपीठावरून ज्ञातीच्या थोरवीविषयी बोलण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. परंतु मंडळाने आज आमच्याकडे सोपविलेले काम निराळे आहे. ज्या दोन वस्तूंविषयी आम्ही बोलणार आहोत, त्यांपैकी एक काड्यापेटीपेक्षाही लहान आहे आणि दुसरी तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. पहिलीचे नाव रिले आणि दुसरीचे डायोड. आपल्या नौकांच्या केबिनमध्ये, मासळी वाहून नेणाऱ्या टेंपोंत आणि टॅक्सीच्या बॉनेटखाली या दोन्ही वस्तू आज असतात. त्यांच्यावाचून इंजिनाची कळ भरवशाची राहत नाही. तथापि त्या काय करतात, हे विचारले असता आपल्यापैकी बहुतेकजण 'ते वायरमनला ठाऊक' असे उत्तर देतात. हे उत्तर पुरेसे नाही, एवढेच आम्हांला आज सांगावयाचे आहे.

इंजिन आपल्या व्यवसायात आले, त्यापूर्वी शीड आणि वल्ही हीच आपली शक्ती होती. स्वातंत्र्यानंतरच्या काळात शासनाच्या उत्तेजनाने आणि सहकारी संस्थांच्या साह्याने नौकांवर डीझेल इंजिने बसू लागली. ज्या वडीलधाऱ्यांनी ती पहिली इंजिने हाताळली, त्यांना हँडलची आठवण असेलच. दोन्ही हातांनी हँडल फिरवावे, वेग आला की झडप सोडावी, आणि इंजिनाने उलटा झटका दिलाच तर मनगट सांभाळावे, असा तो प्रकार होता. मोटारगाड्यांचीही पूर्वी हीच रीत होती. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने १९११ साली विजेवर चालणारी प्रारंभक मोटर सिद्ध केली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर ती बसविली गेली. आपण जिला 'सेल' म्हणतो, ती हीच. हँडल गेले आणि त्याच्या जागी बोटाने दाबावयाची कळ आली. सोय झाली खरी. पण हँडलचे काम डोळ्यांसमोर घडत होते आणि कळीचे काम तारांच्या आत घडते. जे डोळ्यांआड घडते, ते समजून घेतल्यावाचून त्याच्यावर सत्ता चालत नाही.

प्रथम एक हिशेब मांडू. डीझेल इंजिनाचा दट्ट्या हवेला जोराने दाबतो. त्या दाबाविरुद्ध इंजिन फिरवावयाचे, तर सेलच्या मोटरला क्षणभर दोनशे अँपिअर वा त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. बॅटरी इंजिनापाशी आणि कळ मात्र तांडेलाच्या हाताशी, केबिनमध्ये, असते. बॅटरीपासून कळीपर्यंत आठ मीटर आणि परत आठ मीटर अशी सोळा मीटर तार धरा. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे साडेसात ओम असतो. म्हणजे आपल्या सोळा मीटरांचा ०.१२ ओम झाला. आकडा क्षुल्लक दिसतो. परंतु दोनशे अँपिअरने गुणा, म्हणजे २४ व्होल्ट होतात. बॅटरीच मुळी १२ व्होल्टची! याचा अर्थ असा की, या तारेतून तेवढा प्रवाह कधी वाहूच शकणार नाही. इंजिन मुळीच फिरणार नाही आणि तार मात्र तापेल.

म्हणून सेलच्या पाठीवर सोलेनॉइड बसविलेले असते. ते जाड तांब्याचे संपर्क जोडते, तेव्हा बॅटरीचा मोठा प्रवाह आखूड व जाड केबलमधून थेट मोटरला मिळतो. पण हे सोलेनॉइडही खाऊ आहे. दंतचक्र पुढे ढकलण्यासाठी त्याला आरंभी तीस ते पन्नास अँपिअर लागतात. चाळीस धरले, तरी आपल्या सोळा मीटर तारेत जवळजवळ पाच व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. बॅटरी ताजी असेतोवर हे चालून जाते. ती थोडी उतरली, जोड थोडे हिरवे पडले, की सोलेनॉइड नुसते 'टक्' करते आणि थांबते. मग आपण म्हणतो, 'बॅटरी गेली,' आणि नवी बॅटरी आणतो. पुष्कळदा बॅटरी निर्दोष असते. दोष त्या लांबच्या बारीक तारेचा असतो.

येथे रिले उपयोगी पडते. लोखंडाच्या गाभ्याभोवती बारीक तारेची गुंडाळी असते. तिच्यातून प्रवाह सोडला की गाभा लोहचुंबक होतो, समोरची पट्टी ओढून घेतो आणि तिच्या टोकाचे दोन संपर्क जुळतात. प्रवाह तोडला की स्प्रिंग पट्टीला मागे नेते. गाडीत वापरतात त्या १२ व्होल्टच्या सामान्य रिलेच्या गुंडाळीला सुमारे ०.१५ अँपिअर पुरतात आणि तिचे संपर्क तीस-चाळीस अँपिअर पेलतात. मोठ्या इंजिनाच्या सोलेनॉइडसाठी त्याहून जड रिले मिळते. आता तीच सोळा मीटर तार घ्या. ०.१५ अँपिअरने तिच्यात व्होल्टचा पन्नासावा भागही खर्ची पडत नाही. कळ रिलेला सांगते, रिले सोलेनॉइडला आणि सोलेनॉइड मोटरला. तांडेल स्वतः जाळे ओढीत नाही. तो आवाज देतो आणि खलाशी ओढतात. आवाज देण्यास बाहुबळ लागत नाही. मात्र तो नीट ऐकू गेला पाहिजे. रिलेचे सारे शास्त्र एवढेच आहे.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री याने १८३५ च्या सुमारास ती प्रयोगात आणली. दूर गेलेला तारायंत्राचा संदेश क्षीण होई. तो क्षीण प्रवाह एका विद्युच्चुंबकाला चाळवी आणि तो चुंबक ताज्या बॅटरीचा प्रवाह पुढे सोडी. टपाल नेणारा थकलेला घोडा बदलावा, तसेच हे. आपल्या मुंबईने १९०७ साली विजेची ट्राम पाहिली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची आगगाडी पाहिली. लहान प्रवाहाने मोठ्या प्रवाहाला हुकूम द्यावयाचा, या तत्त्वावाचून असली कामे सुरक्षितपणे चालत नाहीत. तेच तत्त्व आज शंभर-दोनशे रुपयांच्या डबीत आपल्या हाती आले आहे.

विद्यार्थिमित्रांनी आता या डबीच्या तळाकडे लक्ष द्यावे. तेथे पाच पाती असतात व प्रत्येकीवर आकडा कोरलेला असतो. हे आकडे जर्मन मानकावरून आलेले आहेत आणि जगभर तेच चालतात. ३० म्हणजे बॅटरीकडून, फ्यूजमधून येणारा धन प्रवाह. ८७ म्हणजे कामाकडे जाणारी वाट. ८६ आणि ८५ ही गुंडाळीची दोन टोके. ८६ धन बाजूस आणि ८५ ऋण बाजूस जोडण्याचा रिवाज आहे. पाचवे पाते ८७अ. रिले स्वस्थ असताना ३० चा संबंध ८७अ शी असतो. रिले ओढली गेली की तो सुटून ८७ शी जुळतो. हे पाचवे पाते पुष्कळ ठिकाणी रिकामेच लोंबकळत असते. वस्तुतः ते फार गुणाचे आहे आणि त्याचा गुण आम्ही लवकरच सांगणार आहोत.

आता डायोडकडे वळू. भरतीच्या पाण्याला आत येऊ द्यावयाचे, पण ओहोटीबरोबर बाहेर जाऊ द्यावयाचे नाही, अशी झडप मिठागरांच्या बांधाला बसविता येते. डायोड ही विजेची तशी झडप आहे. प्रवाह एकाच दिशेने जाईल. ज्या टोकाला रुपेरी पट्टा असतो, त्या टोकाने तो बाहेर पडतो. असा एकदिशा गुणधर्म काही स्फटिकांत असतो, हे जर्मन शास्त्रज्ञ ब्राउन याने १८७४ मध्ये दाखविले. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी गॅलीना या खनिजाचा उपयोग विद्युल्लहरी टिपण्यासाठी केला आणि त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. आजचे डायोड सिलिकॉनचे असतात. इंजिनावरच्या अल्टरनेटरमध्येच निदान सहा डायोड बसविलेले असतात. अल्टरनेटर उलटसुलट वाहणारा प्रवाह उत्पन्न करतो. हे सहा रखवालदार त्याला एका दिशेस लावून बॅटरीत भरतात. म्हणूनच बॅटरीच्या तारा चुकून उलट लावल्या, तर हे डायोड तत्काळ जळतात. इंजिन चालू असता बॅटरीची केबल काढली, तरीही त्यांच्यावर तोच प्रसंग ओढवू शकतो. केबिनच्या दारावर रंगाने लिहून ठेवण्याजोगे हे दोन निषेध आहेत.

डायोडची आपल्या जोडणीत तीन कामे आहेत. पहिले काम रिलेच्या गुंडाळीवरचे. गुंडाळीत प्रवाह वाहत असता तिच्यात चुंबकशक्ती साठते. कळ सोडताच ती शक्ती जावयाची कोठे? ती उलट दिशेने उसळते आणि क्षणार्धात शेकडो व्होल्टांचा तडाखा देते. कळीच्या संपर्कांत ठिणगी उडते व ते हळूहळू करपतात. जवळच नाजूक इलेक्ट्रॉनिक यंत्र असेल, तर ते जायबंदी होते. गुंडाळीला समांतर एक डायोड लावावा, त्याचा पट्टा धन बाजूस असावा; मग ही उसळी त्या डायोडमधून गुंडाळीतच फिरून विरते. साध्या रिलेला एक अँपिअरचा डायोड पुरतो आणि त्याला दोन-चार रुपयांपेक्षा अधिक पडत नाहीत. सोलेनॉइडची गुंडाळी मोठी, म्हणून तिला डायोडही मोठा हवा. पट्टा उलट बाजूस लागला, तर मात्र कळ दाबताच सरळ शॉर्ट होईल व फ्यूज उडेल. त्यासाठी जोडण्यापूर्वी मीटरने दिशा पाहावी.

दुसरे काम दोन हुकुमांची सरमिसळ टाळण्याचे. नौकेवर तेलाचा दाब उतरला की एक दिवा लागावा, पाणी तापले की दुसरा दिवा लागावा आणि दोन्ही प्रसंगी एकच भोंगा वाजावा, अशी आपली इच्छा असते. तिन्ही तारा एकत्र बांधल्या, तर भोंगा वाजतो खरा; पण दोन्ही दिवे एकदम लागतात आणि दुखणे कोणते, ते कळत नाही. तेलाचे दुखणे असेल तर इंजिन त्या क्षणी थांबविले पाहिजे. पाण्याचे असेल तर वेग कमी करून आधी थंड पाण्याची वाट तपासावयाची असते. हा भेद कळला नाही, तर सूचना असून नसल्यासारखी. उपाय सोपा आहे. भोंग्याच्या ऋण टोकापासून दोन डायोड निघावेत, एक तेलाच्या स्विचकडे व एक पाण्याच्या स्विचकडे. पट्टे स्विचांच्या बाजूस असावेत. आता भोंगा दोघांचेही ऐकेल, पण एकाचे बोलणे दुसऱ्याच्या दिव्यापर्यंत जाणार नाही.

तिसरे काम दोन बॅटऱ्यांचे, आणि आजच्या विषयातील सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट हीच आहे. पूर्वी नौकेवर विजेचे काम म्हणजे सेल आणि एखादा दिवा. आज वायरलेस सेट आहे, जीपीएस आहे, मासे शोधणारे यंत्र आहे, भ्रमणध्वनी भरावयाचे असतात. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथून देशातील एक लक्ष मासेमारी नौकांवर उपग्रहाशी संदेश बांधणारी यंत्रे बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. संकटात सापडलेल्या नौकेने किनाऱ्याला कळवावे आणि किनाऱ्याने वादळाची सूचना नौकेला द्यावी, हा त्या यंत्राचा हेतू. परंतु ही सारी यंत्रे ज्या बॅटरीवर चालतात, तिच्यावरच सेलही चालत असेल तर? रात्रभर नांगरावर दिवे आणि यंत्रे चालली, पहाटे कळ दाबली आणि 'टक्' झाले, की इंजिनही नाही आणि थोड्या वेळाने वायरलेसही नाही.

म्हणून बॅटऱ्या दोन असाव्यात. एक केवळ सेलसाठी राखीव, दुसरी दिव्यांसाठी व यंत्रांसाठी. अल्टरनेटरने दोन्ही भराव्यात, पण दिव्यांनी सेलच्या बॅटरीतून काही घेऊ नये. दोन मोठे डायोड वापरून हे साधते. मात्र साधा सिलिकॉन डायोड वाटेत सुमारे ०.७ व्होल्ट खातो आणि त्यामुळे बॅटरी पुरती भरत नाही. यास्तव हल्ली दाब ओळखणारी रिले वापरतात. चार्जिंग सुरू होऊन दाब १३.३ व्होल्टच्या आसपास गेला की ती दोन्ही बॅटऱ्या जोडते, दाब १२.८ च्या आसपास उतरला की त्या अलग करते. घरातील जाणत्या बाईने सणाचा आणि दुखण्याचा पैसा निरनिराळ्या डब्यांत ठेवावा आणि कितीही नड आली तरी दुसरा डबा उघडू देऊ नये, तशीच ही व्यवस्था आहे. आमच्या भगिनींना ती समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांच्या या शिस्तीवर अनेक घरे पावसाळा काढीत आली आहेत.

आता त्या पाचव्या पात्याकडे. इंजिन चालू असता कुणी चुकून पुन्हा कळ दाबली, तर सेलचे दाते फिरत्या चक्रावर आदळून झिजतात, तुटतात. इंजिनापासून दूर केबिनमध्ये, वाऱ्याच्या आणि लाटांच्या आवाजात, अशी चूक सहज होते. यासाठी दुसरी रिले घ्यावी. कळीचा हुकूम तिच्या ३० वर आणावा आणि ८७अ मधून पहिल्या रिलेच्या ८६ कडे न्यावा. या दुसऱ्या रिलेची गुंडाळी अल्टरनेटरच्या डी-प्लस टोकाला जोडावी. इंजिन थांबलेले असता त्या टोकावर दाब फारसा नसतो, म्हणून रिले स्वस्थ राहते आणि हुकूम पुढे जातो. इंजिन चालू होऊन अल्टरनेटर काम करू लागला की तेथे बॅटरीइतका दाब येतो, रिले ओढली जाते, ८७अ सुटतो, आणि मग कळ कितीही दाबा, सेल हलणार नाही.

आणखी एक कुलूप घालावे. पहिल्या रिलेचे ८५ हे टोक थेट ऋणाकडे न नेता गिअरच्या न्यूट्रल स्विचमधून न्यावे. गिअर लागलेला असता सेल मारला की पंखा फिरतो. जाळे पाण्यात असेल, शेजारच्या नौकेचा दोर तरंगत असेल, अगर पंख्यात अडकलेला कचरा काढावयास कुणी पाण्यात उतरलेले असेल, तर काय होईल ते सांगावयास नको. त्याच तारेत इंजिनघराच्या तोंडाशी तिसरा स्विच बसवावा. जो खाली उतरेल त्याने तो प्रथम बंद करावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि मगच पट्ट्याला हात लावावा. वर तांडेल आहे, खाली खलाशी आहे, मध्ये फळ्या आहेत. एकमेकांचा आवाज पोचेल या भरवशावर कुणाची बोटे ठेवावयाची नसतात.

आता रिलेचा खरा लाभ ध्यानात घ्या. हुकुमाच्या तारेतून ०.१५ अँपिअरच वाहत असल्यामुळे ही तिन्ही कुलुपे साध्या लहान स्विचांची चालतात. चाळीस अँपिअरच्या तारेत तीच घालावयाची, तर प्रत्येक स्विच मोठा, महाग आणि लवकर करपणारा झाला असता, आणि खर्चाला भिऊन आपण तो घातलाच नसता. रिलेमुळे सुरक्षितता गरिबाच्या आवाक्यात येते.

येथे मोटारगाड्यांविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. आपले कित्येक तरुण टेंपो व टॅक्सी चालवितात आणि गाडीला दुरून सुरू करण्याचे यंत्र बसविण्याची हौस वाढली आहे. खिशातील किल्लीवरचे बटण दाबले की लहरींनी संदेश जातो, गाडीतील यंत्र तो ओळखते आणि इंजिन सुरू करते. त्या यंत्राच्या आतील ट्रान्झिस्टर जेमतेम अर्धा अँपिअर पेलतो. म्हणून इग्निशन, सेल व इतर मंडले यांच्यासाठी निरनिराळ्या रिले लागतात, आणि गुंडाळीवरचा डायोड नसेल तर पहिल्या काही दिवसांतच तो ट्रान्झिस्टर मरू शकतो. तत्त्व नौकेचेच आहे. परंतु आपल्याकडील बहुसंख्य गाड्या हाताच्या गिअरच्या आहेत. गिअरमध्ये उभी केलेली गाडी दुरून सुरू केली, तर ती पुढे उडी घेईल. आणि आपल्या वस्तीच्या गल्लीत गाडीच्या पुढे मूलच खेळत असते. न्यूट्रल, हँडब्रेक व बॉनेट यांचे स्विच हुकुमाच्या तारेत घातल्यावाचून हे यंत्र कुणी बसवू नये. बंद गॅरेजमध्ये तर ते वापरूच नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वासही नाही. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२६ वे कलम असे आहे की, सार्वजनिक जागी उभ्या असलेल्या गाडीत परवानाधारक माणूस चालकाच्या जागी बसलेला असावा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असावा. रस्त्यावर उभी गाडी घरातून सुरू करणे या नियमात बसत नाही, हे तरुणांनी विसरू नये.

गाडीची जोडणी जशीच्या तशी नौकेवर आणू नये, हेही सांगितले पाहिजे. गाडीला लोखंडी अंग असते. ऋण प्रवाह त्या अंगातून परत येतो. लाकडी अगर फायबरच्या नौकेला असे अंग नाही. तेथे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक रिलेला परतीची स्वतंत्र तार हवी. ती वाचविण्यासाठी इंजिनाचा वा शाफ्टचा उपयोग केला, तर चुकार प्रवाह समुद्राच्या पाण्यातून वाट काढतो आणि शाफ्ट व पंखा खाल्ला जातो. दुसरा शत्रू मीठ. खारी हवा तांब्याच्या तारेत केशाकर्षणाने आत शिरते आणि हातभर लांबीपर्यंत तार हिरवी-काळी करते. पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड एक मोसमही नीट टिकत नाही. कथिल चढविलेली तार घ्यावी, टोके दाबयंत्राने दाबावीत, त्यावर आतून चिकटणारी, उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. रिलेची पाती खाली तोंड करून असावीत आणि तारेला डबीपूर्वी एक झोल द्यावा, म्हणजे थेंब झोलावरून गळून जाईल, डबीत शिरणार नाही. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधली तार कुणाच्याही संरक्षणात नसते. आणि बॅटरीच्या खणाला वारा लागू द्यावा, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो व त्याला एक ठिणगी पुरते.

कुणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? आजवर चालले, तसे पुढेही चालेल. त्यांना आमचे नम्रतेने सांगणे आहे की, समुद्र आपणांस अवधी देत नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ मुंबईच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागले, तेव्हा कोकण किनाऱ्यावर मासेमारीला गेलेल्या अनेक कुटुंबांवर आकाश कोसळले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' मुंबईजवळून गेले. अशा दिवशी इंजिन पहिल्या हाकेला उठले पाहिजे आणि वायरलेसमध्ये जीव असला पाहिजे. वादळ थांबविणे कुणाच्या हाती नाही. सेलची बॅटरी राखणे आपल्या हाती आहे.

दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती ज्ञातीच्या प्रतिष्ठेची आहे. जाळ्याची गाठ आपल्याला बाहेरच्या कुणी बांधून द्यावी लागत नाही. वारा, पाणी आणि मासळीची वाट आपले लोक न शिकविता ओळखतात. इंजिन मात्र आपण विकत घेतले आणि त्याचे ज्ञान बाजारातच ठेवून आलो. वायरमन येतो, तारा जोडतो, पैसे घेतो आणि जोडणीचा नकाशा आपल्या डोक्यात घेऊन निघून जातो. पंचवीस मैल समुद्रात दोष निघाला, तर तो नकाशा कुणाला विचारावयाचा? वायरमनचा यात अपराध नाही. त्याच्या मागे उभे राहून पाहण्याचे, विचारण्याचे आणि लिहून घेण्याचे काम आपले होते.

यासाठी मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली ही की, जून-जुलैच्या बंदीच्या काळात, जेव्हा नौका वर ओढलेल्या असतात आणि जाळी दुरुस्त होत असतात, तेव्हा प्रत्येक नौकेच्या तारांचीही पाहणी व्हावी. प्रत्येक जोड उघडावा, पुसावा, मीटरने तपासावा. नारळी पौर्णिमेला नौकेला रंग लागतो, तसा तिच्या तारांनाही हात लागलेला असावा. दुसरी सूचना अशी की, प्रत्येक नौकेचा जोडणीचा नकाशा मराठीत काढून, तारांचे रंग व रिलेचे आकडे लिहून, प्लास्टिकमध्ये घालून केबिनमध्ये लावावा; सोबत दोन जादा रिले, मूठभर डायोड, फ्यूज आणि एक साधा मीटर डब्यात ठेवावा. तिसरी सूचना पालकांना आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वायरमन, इलेक्ट्रिशियन व डीझेल मेकॅनिक यांचे शिक्षण मिळते. माटुंग्याची तंत्रशिक्षणसंस्था १८८७ पासून या शहरात विद्यादान करीत आहे. मुलगा वा मुलगी, ज्याला या कामाची गोडी असेल त्याला तेथे पाठवावे. आणि शिकून आलेल्याने निदान एक पावसाळा आपल्या वस्तीतील चार मुलांना शिकवावे. असे झाले तर पाच वर्षांत या किनाऱ्यावर एकही नौका अशी राहणार नाही, जिच्यावर तारा ओळखणारा माणूस नाही.

सज्जनहो, आमच्या वस्तीसमोर खाडीत नौका आणि मागे आकाशाला भिडलेले मनोरे, असे हे कफ परेडचे दृश्य आहे. त्या मनोऱ्यांतील लिफ्ट, पंप आणि दिवे यांनाही लहान प्रवाहच हुकूम देतात. तेथील विद्या निराळी आणि आपली निराळी, असे नाही. विद्या एकच आहे. ती ज्याने हातात घेतली, त्याची झाली. लहान हुकुमाने मोठी शक्ती चालवावी, हुकूम उलट वाटेने परत येऊ देऊ नये, आणि कठीण वेळेसाठी राखलेल्याला एरवी हात लावू नये, हे तीन नियम आम्ही आज तारांच्या संदर्भात सांगितले. ते आपण नौकेवर पाळलेत, तर या भाषणाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.